लहान विहारनौकांवरील यांत्रिक चांदवा : व्यवहार्यतेचा विचार

अमेरिकेतील सरोवरांवर व फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगत सहलीसाठी ज्या लहान नौका वापरल्या जातात, त्यांवर नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेले आणि चारी बाजूंनी उघडे असे कापडी छत सामान्यतः आढळते. बहामा द्वीपसमूहातील बिमिनी या बेटावरून त्यास 'बिमिनी' असे नाव पडले आहे. आपल्याकडील जुना शब्द योजावयाचा तर त्यास चांदवा म्हणता येईल. हा चांदवा हाताने उघडण्याऐवजी बटण दाबून विजेच्या मोटारीने उघडण्याची सोय अलीकडे अनेक नौकांवर करण्यात येते. ही सोय खरोखर उपयुक्त आहे की केवळ हौसेची बाब आहे, याचा यंत्रशास्त्राच्या दृष्टीने विचार करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

चांदवा मिटता यावा, ही आवश्यकता मुळात का उत्पन्न होते? गेटवेहून घारापुरीस जाणाऱ्या लाँचीवर छत कायमचे उभारलेले असते, व त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. कारण त्या लाँचीस ठेंगण्या पुलाखालून जावयाचे नसते, की मोटारीमागे ट्रेलरवर बांधून घरी न्यावयाचे नसते. अमेरिकेतील विहारनौकेस या दोन्ही गोष्टी वारंवार कराव्या लागतात. ताशी ९० किलोमीटर वेगाने ट्रेलर धावू लागला म्हणजे उघड्या कापडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर वाऱ्याचा सुमारे ३७५ न्यूटन इतका गतिज दाब संभवतो. तेव्हा चांदवा मिटून पिशवीत बांधून ठेवणे अपरिहार्यच होय.

कापडाचा प्रश्न बराच पूर्वी सुटलेला आहे. ग्लेन रेव्हन या कारखान्याने १९६१ साली 'सनब्रेला' या नावाने ॲक्रिलिक कापड बाजारात आणले. त्यात तंतू निघण्यापूर्वीच द्रावणात रंग मिसळलेला असल्यामुळे तो केवळ पृष्ठावर नसून तंतूच्या अंतर्भागापर्यंत असतो, आणि उन्हाने सहजासहजी विटत नाही. अडचण कापडाची नसून ते हलविणाऱ्या यंत्रणेची आहे.

या यंत्रणेवर नेहमी घेण्यात येणारा आक्षेप असा की, तिच्यामुळे विद्युत्घट रिकामा होईल व इंजिन सुरू करण्यास वीज उरणार नाही. हा आक्षेप मात्र गणिताच्या कसोटीस उतरत नाही. दोन्ही बाजूंच्या मोटारी प्रत्येकी १० अँपिअर प्रवाह घेतात व चांदवा उघडण्यास ३० सेकंद लागतात, असे मानू. एका खेपेस ६०० अँपिअर-सेकंद, म्हणजे अँपिअर-तासाचा केवळ सहावा हिस्सा खर्च होईल. दिवसातून चार वेळा चांदवा उघडला व मिटला तरी ८० अँपिअर-तासांच्या घटातून दोन टक्केही वीज जाणार नाही.

विजेच्या संबंधातील खरी अडचण निराळीच आहे, आणि तिची चर्चा क्वचितच होते. १२ व्होल्टच्या मंडलात तारेतील दाबघट दुर्लक्षणीय नसते. घटापासून ६ मीटर अंतरावरील मोटारीस अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेने वीज पुरविल्यास जाण्यायेण्याची लांबी १२ मीटर होते, व १० अँपिअर प्रवाहास सुमारे ०.८ व्होल्ट दाब खर्ची पडतो. दुसऱ्या बाजूची मोटार दोनच मीटरवर असेल तर तेथे घट जेमतेम ०.३ व्होल्ट. या भेदामुळे दोन मोटारींच्या वेगांत चारपाच टक्क्यांचा फरक पडतो, एक बाजू पुढे जाते, दुसरी मागे रेंगाळते, आणि सांगाडा तिरपा होऊन सांध्यांत अडकतो. मोटारीशी जवळ असलेला अल्प फरक चांदव्याच्या कडेशी कित्येक पटींनी वाढलेला असतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे. दोन्हीकडील तारा समान लांबीच्या व पुरेशा जाड घेतल्या, तर या दोषाचे बहुतांशी निवारण होते. पण अशी काळजी घेतली जातेच असे नाही.

आता यंत्रणेच्या मुख्य अंगाकडे वळू. मोटार एक मळसूत्र फिरविते आणि त्यावरील दांडा पुढेमागे सरकतो. मळसूत्राचा चढ घर्षणकोनापेक्षा कमी ठेवलेला असल्यास दांडा बाहेरून कितीही ढकलला तरी मळसूत्र उलटे फिरत नाही. प्रवाह बंद असतानाही चांदवा आहे त्या स्थितीत राहतो, तो या गुणामुळेच. परंतु मोटार जळाली किंवा तार तुटली म्हणजे तोच गुण दोष होऊन बसतो. चांदवा हातानेही हलविता येत नाही. अर्धवट उघडलेल्या स्थितीत हे घडले तर काय होईल, यावर या सोयीची व्यवहार्यता अवलंबून आहे, असे मला वाटते.

पूर्ण उघडलेला चांदवा वाऱ्यास बव्हंशी समांतर असतो, व मिटलेला चांदवा गुंडाळीएवढीच जागा अडवितो. मधल्या स्थितीत मात्र तो शिडासारखा उभा राहतो. २.४ मीटर रुंद व १.२ मीटर उंच असे कापड वाऱ्यासमोर आले आणि नौका ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असली, तर त्यावर सुमारे २६० न्यूटन जोर पडेल. समोरून ताशी २० किलोमीटर वारा असेल तर हाच जोर सव्वादोन पट, म्हणजे ५८० न्यूटनच्या आसपास जाईल. हा जोर बिजागरीपासून ९० सेंटिमीटरवर पडतो आणि सरकता दांडा १५ सेंटिमीटरवर जोडलेला आहे, असे धरल्यास दांड्यांवर सहापट भार येतो: पहिल्या स्थितीत प्रत्येकी ७८० न्यूटन, दुसरीत १,७४० न्यूटन. हजार न्यूटन क्षमतेचा दांडा पहिल्या प्रसंगी कसाबसा टिकेल, दुसऱ्या प्रसंगी निश्चितच नाही. म्हणून नौका थांबल्यावाचून किंवा अगदी मंद केल्यावाचून चांदवा हलवू नये, हा नियम केवळ सावधगिरीचा नसून हिशेबाचा आहे. ठराविक वेगापुढे बटणच निकामी होईल अशी योजना विद्युत्मंडलात असणे अधिक इष्ट, कारण पाऊस येताना घाईत नियम आठवत नाहीत.

खाऱ्या पाण्यावर आणखी एक शत्रू असतो. ॲल्युमिनियमच्या नळीत पोलादी स्क्रू बसविला म्हणजे खाऱ्या ओलाव्यात दोहोंचा मिळून एक विद्युत्घटच तयार होतो, व त्यात ॲल्युमिनियम झिजते. मोटारीच्या आवरणावर 'आयपी ६७' असा शिक्का असला तरी त्याचा अर्थ ती एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकते एवढाच. मिठासंबंधी तो काहीही सांगत नाही. शिवाय चालून तापलेल्या मोटारीवर थंड तुषार पडले की आतील हवा आकुंचन पावते आणि मुद्रेच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. मिनेसोटातील गोड्या पाण्याच्या सरोवरावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारी यंत्रणा फ्लॉरिडात लवकर जवाब देते, यात म्हणूनच नवल नाही.

नौकेच्या प्रकाराचाही विचार आवश्यक आहे. मिनेसोटा राज्यातील अँब्रोज वीअर्स या शेतकऱ्याने १९५१ साली पोलादी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी तक्ता ठोकून जी नौका केली, तिच्यापासून आजच्या पाँटून नौकांचा प्रसार झाला. दोन तरंडांमधील अंतरामुळे ही नौका फार स्थिर असते. चांदव्याचे पंचवीस किलो वजन वर चढल्याने तिला काही होत नाही. घट तेथे असतोच. आणि रुंदी मोठी असल्यामुळे हाताने चांदवा उघडावयास एकतर दोन माणसे लागतात, किंवा एकास या कडेपासून त्या कडेपर्यंत येरझारा घालाव्या लागतात. वृद्ध दांपत्यास किंवा सांधे दुखणाऱ्या मनुष्यास बटणाची सोय म्हणजे चैन नव्हे. तिच्यावाचून तो चांदवा मिटलेलाच राहील, व उन्हात बसणे नशिबी येईल. अशा नौकेवर यांत्रिक चांदवा हाताने चालणाऱ्या चांदव्यापेक्षा अनेकपट महाग पडत असला तरी मी त्यास व्यवहार्यच म्हणेन.

चार मीटर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या होडीची गोष्ट वेगळी. दोरी ओढून सुरू होणाऱ्या आउटबोर्ड इंजिनास घट लागत नाही. तो केवळ चांदव्याकरिता वाहावा लागेल. होडी, इंजिन व दोन माणसे मिळून ३०० किलो वजन मानले आणि दीड मीटर उंचीवर २५ किलोची यंत्रणा बसविली, तर गुरुत्वमध्य ११ ते १२ सेंटिमीटर वर सरकतो. एवढ्याने होडी उलटेल असे नाही, पण एका अंगास वाकून मासा ओढणाऱ्यास फरक जाणवेल. येथे साधा सांगाडाच बरा. फार तर हवा भरलेल्या दट्ट्यांनी त्याचे वजन तोलून धरावे. तसे केल्यास एका हातानेही चांदवा उचलता येतो, व बिघडावयास मोटार नसते.

यांत्रिक चांदवा घेण्यापूर्वी एक चाचणी किनाऱ्यावरच करून पाहावी. चांदवा अर्धा उघडून मुख्य स्विच बंद करावा, सरकत्या दांड्यांच्या खिळी हातांनी काढाव्यात व चांदवा मिटवावा. खिळी हत्याराशिवाय निघत नसतील, अथवा एकट्या माणसास हे काम दोन मिनिटांत साधत नसेल, तर विक्रेत्यास त्या खिळी बदलून देण्यास सांगावे. तो नकार देईल तर साधा सांगाडा घ्यावा.