वंशावळ कशासाठी?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुलवृत्तांत किंवा जुन्या वहीत लिहिलेली वंशावळ असते. प्राचीन इस्राएली लोकांनी तर आपल्या धर्मग्रंथातच वंशावळी गुंफल्या. 'उत्पत्ती' या ग्रंथात आदामापासून नोहापर्यंत १० पिढ्या मोजल्या आहेत आणि 'इतिहास' या ग्रंथाचे पहिले ९ अध्याय बहुतांशी नावांनीच भरलेले आहेत. हा एवढा खटाटोप कशासाठी, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

पहिले कारण जमीन. या ग्रंथांनुसार जमिनीची वाटणी वंश आणि कुळ पाहून झाली. ज्याचे कूळ नोंदलेले, त्याला वाटा. सलाफहाद नावाच्या गृहस्थाला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाचही जणी मोशेपुढे, साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि वडिलांचा वाटा त्यांनी मागितला. तो त्यांना मिळाला. शिवाय, मुलगा नसल्यास मुलीने वारस व्हावे असा नियमही झाला. मात्र जमीन दुसऱ्या वंशाकडे जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्याच वंशात विवाह करावा, अशी अट पुढे घातली गेली.

दुसरे कारण अधिकार. याजकपद अहरोनाच्या वंशजांकडेच असे. इ.स.पू. ५३८ च्या सुमारास बाबेलच्या बंदिवासातून लोक परतू लागले, तेव्हा काही घराण्यांची नावे वंशावळीत सापडली नाहीत. त्यांना याजकपदापासून दूर ठेवल्याची नोंद 'एज्रा' ग्रंथात आहे. वंशावळीने हक्क मिळतो, तसा तो जातोही.

तरीही या नोंदी केवळ शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या नाहीत. राजा दावीदाची पणजी रूथ ही परक्या मवाब देशाची होती. ही गोष्ट लपवली नाही. उलट तिच्या नावाचा स्वतंत्र ग्रंथ आहे.

या विषयाचा मराठीशीही संबंध आहे. कोकणातील बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. गावावरून पडलेली त्यांची आडनावे आपल्यासारखीच. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर अनेक जण इस्राएलला गेले. तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी, विवाहापूर्वी त्यांच्या मागील पिढ्यांची चौकशी करावी, असा आदेश मुख्य रब्बींच्या कार्यालयाने काढला. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळणाऱ्यांना हे फार लागले. त्यांनी निदर्शने केली आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले.

आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत पुष्कळदा मुलींची नावे आढळत नाहीत. येत्या सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसून घराची वंशावळ अवश्य लिहा. त्यात आजीचे माहेर लिहा, आत्याचे नाव लिहा आणि स्वतःच्या बहिणीचेही विसरू नका.