संकेतमिश्रण, अवकाशीय कण अभिज्ञातकांतील

कण अभिज्ञातकाच्या एका विद्युत् मार्गातील संकेताचा काही अंश शेजारच्या मार्गात उतरून तेथेही कण आल्याचा आभास निर्माण होणे, यास संकेतमिश्रण किंवा क्रॉसटॉक म्हणतात. जुन्या दूरध्वनी तारांत एका जोडीवरील संभाषण दुसऱ्या जोडीवर पुसटसे ऐकू येई, हा याच परिणामाचा परिचित प्रकार होय.

कारणे : अर्धसंवाहक अभिज्ञातकात अनेक लहान विद्युत् अग्रे अगदी जवळजवळ असतात. त्यांच्यातील विद्युत् धारितेमुळे, तसेच समाईक विद्युत् पुरवठा व भूयोजन यांमुळे स्पंद एका मार्गातून दुसऱ्यात जातो. अग्रे जवळ आणल्यास कणाचे स्थान अधिक अचूक कळते. परंतु त्याबरोबर संकेतमिश्रणही वाढण्याचा संभव असतो.

निवारण : विवर्धक अभिज्ञातकाला लागून बसविणे, तारा आखूड ठेवणे, मार्गांमध्ये भूयोजित वाहकाचे परिरक्षण देणे व ठराविक मर्यादेखालील स्पंद न नोंदणे हे नेहमीचे उपाय होत. ही मर्यादा फार वाढविल्यास अल्प ऊर्जेचे खरे संकेतही गमावले जातात. उड्डाणानंतर तारांची मांडणी बदलता येत नसल्याने प्रत्येक मार्गाची चाचणी जमिनीवरच पुरी करावी लागते.

उदाहरण : २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावर कॅडमियम-झिंक-टेल्युराइड अभिज्ञातकांचे क्ष-किरण उपकरण आहे. त्याच्या उभारणीत मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च व पुण्याची ‘आयुका’ या संस्थांचा मोठा वाटा आहे. त्यात ६४ अभिज्ञातक असून प्रत्येकात २५६, म्हणजे एकूण १६,३८४ घटक आहेत. विश्वकिरण आदळताच अत्यल्प काळात अनेक घटकांत नोंदी होतात; विश्लेषणात त्या वगळतात. तथापि शेजारच्या दोन घटकांतील प्रत्येक समकालिक नोंद खोटी नसते. एका घटकात क्ष-किरणाचे कॉम्पटन प्रकीर्णन होऊन तो शेजारच्या घटकात शोषला गेल्यासही अशीच जोडी उमटते. प्रकीर्णनाच्या दिशांवरून किरणांचे ध्रुवण (विशिष्ट प्रतलातच कंपन होणे) काढता येते. म्हणून दोन नोंदींमधील कालांतर व त्यांतील ऊर्जेची विभागणी तपासून खऱ्या जोड्या निवडतात. त्यांवरून क्रॅब पल्सारच्या १०० ते ३८० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या किरणांचे ध्रुवण मोजण्यात आले व ते निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वच जोड्या दोष समजून टाकल्या असत्या, तर हे मापन शक्य झाले नसते.