उतावळा हात आणि जुनें एंजिन

बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीची एम्-२० ही फटफटी दुसऱ्या महायुद्धांत (१९३९–४५) ब्रिटिश सैन्याच्या दिमतीस होती. आज हौशी लोक तिचें एंजिन घरींच उकलून पुन्हां जुळवितात. एका दट्ट्याचें, ४९६ घन सेंटिमीटरांचें हें एंजिन साधें खरें; परंतु उतावळ्याची तें गय करीत नाहीं.

नळकांड्याचा मूळ व्यास ८२ मिलिमीटर. झीज मात्र सर्वत्र सारखी होत नाहीं. दट्ट्याच्या कड्या वरच्या टोकाशीं जेथून माघारी फिरतात, तेथें ती सर्वांत अधिक. म्हणून निरनिराळ्या उंचीवर, परस्परांशीं काटकोनांत मापें घ्यावीं. मगच, जरूर तर, नळकांडें कोरून मोठा दट्ट्या बसवावा. एकदां कोरलेलें लोखंड परत येत नाहीं.

आट्यांचीहि तीच गोष्ट. या एंजिनांतील कित्येक आटे जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं सुचविलेल्या ५५ अंशांच्या कोनाचे आहेत. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा. हाताशीं आलेला मेट्रिक बोल्ट बळेंच पिळला, कीं ॲल्युमिनियमच्या पेटींतला आटा गेलाच!

बाहेरची चकाकी चार दिवसांत आणतां येते. एंजिनाचें आयुष्य मात्र, जें पुढें कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं, त्या मापांच्या खरेपणावर अवलंबून असतें.