कढीलिंबाची लागवड व निगा

कढीलिंब अथवा कढीपत्ता, विदर्भातील गोडलिंब, हे सदाहरित सुगंधी झुडूप अनेकांच्या परसात आढळते. एकदा मुळे खोल गेली म्हणजे ते पाण्याचा ताण चांगले सोसते. त्यामुळे कमी पाण्याच्या गावीही त्याची लागवड करता येते. मात्र पाणी साचून राहणारी जमीन त्यास मुळीच मानवत नाही.

बियांची काळजी : ‘बी पेरले, पण उगवले नाही’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते. दोष जमिनीचा नसून साठवणुकीचा असतो. धान्याप्रमाणे उन्हात वाळवून पुढील हंगामासाठी ठेवलेले हे बी निर्जीव होते. पावसाळ्यात काळी झालेली पक्व फळे वेचावीत, गर चोळून धुवून टाकावा व ताजे बी लगेच पिशव्यांत पेरावे. सुमारे तीन आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. मुळांपासून निघालेले फुटवेही पावसाळ्यात लावता येतात.

लागवड : 30 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे 1.2 ते 1.5 मीटर अंतरावर खणून त्यांत कुजलेले शेणखत मिसळावे. सुमारे एक वर्षाची सशक्त रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावावीत. रोपे मूळ धरीपर्यंत पाण्याची हयगय करू नये. पहिल्या वर्षी मधल्या जागेत मूग अथवा उडीद घ्यावा.

छाटणी : झाड एक मीटर उंच होताच शेंडा खुडावा व पाच-सहा फांद्या राखाव्यात. यामुळे झाड पसरते व पाला हाताशी येतो. साधारण पंधरा महिन्यांनी पहिली तोडणी मिळते.

कीड : लिंबावरील पाने खाणारी अळी येथेही येते, ती हाताने वेचून नष्ट करावी. सिला किडीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. हा पाला थेट फोडणीत पडतो, म्हणून विषारी औषधांचा मोह टाळावा.

एक इशारा अवश्य ध्यानात ठेवावा. हीच सिला कीड संत्रा-मोसंबीवर ग्रीनिंग रोग पसरविते आणि कढीलिंबावर तिला सहज आसरा मिळतो. तेव्हा फळबागेच्या बांधावर कढीलिंब लावू नये. चार पैशांच्या पाल्यासाठी वर्षानुवर्षे जोपासलेली बाग धोक्यात घालणे शहाणपणाचे नव्हे. गावोगावी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी रोपे वाटण्यापूर्वी ही गोष्ट शेतकऱ्यांस आवर्जून सांगावी.