आधी गारठवा, मग ताणा

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले मोरिस लेम्वान्य यांनी १९२६च्या सुमारास एका जिवाणूच्या पेशीतून पॉलिएस्टर वेगळे काढले. शर्टाच्या लेबलवर असते त्याच कुळातले, पण जिवाणूने स्वतःसाठी करून ठेवलेले. साखर मुबलक आणि नायट्रोजनची टंचाई झाली की काही जिवाणूंची वाढ खुंटते. मग जादा कार्बन ते या पॉलिएस्टरच्या कणांच्या रूपात साठवतात. राल्स्टोनिया युट्रोफा या जिवाणूच्या कोरड्या वजनात हा साठा ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. या पॉलिएस्टरचे पूर्ण नाव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट. पुढे पीएचबी म्हणू. मातीतले आणि समुद्रातले इतर सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात, म्हणून त्याचे एवढे कौतुक.

पण नुसते वितळवून त्याची फिल्म काढली, तर ती थोडी वाकवताच मोडते. दोष स्फटिकांचा आहे. जिवाणूकडून मिळणारे पीएचबी फार शुद्ध असते; ज्यांच्याभोवती स्फटिक धरावेत असे परके कण त्यात जवळपास नसतात. संथ निवणाऱ्या पाकात दोऱ्याभोवती खडीसाखरेचे मोजकेच पण टपोरे खडे धरतात, तसे इथे थोडेच पण मोठे स्फटिकगोल वाढतात आणि त्यांच्यात भेगा पडतात. शिवाय हा पदार्थ साधारण ४ अंश सेल्सिअसखालीच खऱ्या अर्थाने थिजतो. खोलीच्या तापमानाला त्याचे रेणू हलत राहतात, स्फटिक वाढत राहतात, आणि आज बरी वाटणारी फिल्म काही आठवड्यांनी आणखी ठिसूळ होते.

उष्णतेचीही कटकट आहेच. पीएचबी १८० अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याहून जरा वर गेले की रेणूंच्या साखळ्या तुटू लागतात. वितळलेला लगदा यंत्रात रेंगाळू देणे परवडत नाही.

यातून वाट काढली ती जपानमध्ये, योशिहारू दोई, तादाहिसा इवाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी आधी साखळी लांबवली. ई. कोलाय या जिवाणूत राल्स्टोनियाची पीएचबी बनवणारी जनुके घातली. ई. कोलायकडे पीएचबी तोडणारे विकर नसते, त्यामुळे साखळ्या नेहमीपेक्षा कितीतरी लांब होतात. अशा पीएचबीची फिल्म क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून, ओतून, वाळवून करता येते. ती १६० अंशांच्या सिलिकॉन तेलात ताणायची आणि मग ताणलेल्या स्थितीतच तापवून स्थिर करायची. असे केल्यावर ६ महिने ठेवूनही तिचे गुण जवळपास बदलले नाहीत.

धाग्याची रीत मात्र उलटी, आणि मला जास्त आवडणारी. वितळलेले पीएचबी बारीक छिद्रातून सोडायचे ते थेट बर्फाच्या पाण्यात. स्फटिक धरायला सवडच मिळत नाही, आणि हाती येतो रबरासारखा लवचीक धागा. तो त्याच गार पाण्यात ताणला की गुंतलेल्या साखळ्या एका दिशेला लागतात. मग खोलीच्या तापमानाला दुसऱ्यांदा ताणायचा. शेवटी ताण तसाच ठेवून तापवायचा, म्हणजे आता जे स्फटिक धरतात ते धाग्याच्या दिशेनेच. लांब साखळ्यांचा धागा असा एकूण ६० पट ताणल्यावर त्याची ताकद १.३ गिगापास्कल भरली. उद्योगात वापरल्या जाणाऱ्या मजबूत पॉलिएस्टर धाग्यांच्या पंक्तीत बसणारा हा आकडा आहे.

पण त्यासाठी खास जनुके घातलेला जिवाणू लागतो. म्हणून पुढची युक्ती अधिक व्यवहारी वाटते. व्हॅलरेट हा घटक मिसळलेल्या, साध्या जिवाणूकडून मिळणाऱ्या पॉलिएस्टरचा धागा बर्फाच्या पाण्यात गारठवल्यावर लगेच ताणायचा नाही. तसाच थंडीत काही काळ राहू द्यायचा. तेवढ्यात त्यात असंख्य अतिसूक्ष्म स्फटिक धरतात. पुढे खोलीच्या तापमानाला तो एकदाच ताणला की हे स्फटिक खुंट्यांसारखे साखळ्यांना धरून ठेवतात. ताकद १ गिगापास्कलच्या घरात जाते.

अशा धाग्यांवर क्ष-किरणांचा बारीक झोत टाकून या जपानी संशोधकांनी आतली रचना पाहिली. स्फटिकांत साखळी एरवी मळसूत्रासारखी वळलेली असते. पण दोन स्फटिकांच्या मधल्या साखळ्या ताणाने सरळ होऊन नागमोडी, सपाट झाल्या होत्या. ताकदीला हातभार लावणारा हा भाग पीएचबी पचवणारी विकरे मळसूत्री भागापेक्षा लवकर फस्त करतात. त्यामुळे धागा किती मजबूत करायचा हे ठरवताना तो किती काळ टिकवायचा याचाही हिशेब कारागिराला मांडावा लागतो: शस्त्रक्रियेतल्या टाक्यासाठी वेगळा, मासेमारीच्या दोरीसाठी वेगळा.