जालन्याचं बंदर

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ महाराष्ट्राला ठाऊक आहे ते समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून. १६०८च्या रामनवमीला त्यांचा इथे जन्म झाला आणि आजही रामनवमीला गाव माणसांनी भरून जातं. उरलेलं वर्ष या परिसराचं लक्ष कापसावर, उसावर, तुरीवर आणि मोसंबीच्या बागांवर असतं. माल कुठे जातो असं शेतकऱ्याला विचारलं, तर तो सांगतो : कापूस जिनिंगला, ऊस तीर्थपुरीच्या कारखान्याला, मोसंबी जालन्याच्या मोंढ्यात. त्यापुढची वाट त्याच्या नजरेआड असते. पण जिनिंगमधून निघालेली रुईची गाठ कधी बांगलादेशात, कधी व्हिएतनाममध्ये उतरते आणि तिथल्या भावातून बंदरापर्यंतचं भाडं वजा होऊनच इथला भाव ठरतो. समुद्र कधी न पाहिलेला शेतकरीही त्या समुद्राचं भाडं भरत असतो. म्हणून जालन्याच्या ड्राय पोर्टचा परिचय जांब समर्थच्या बाजूने करून द्यावा, असं मला वाटतं.

जालना शहराजवळच्या दरेगाव-जवसगाव शिवारात सुमारे १८१ हेक्टर जमिनीवर हे बंदर आखलं गेलं. २५ डिसेंबर २०१५ रोजी त्याचं भूमिपूजन झालं. उभारणी न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे, म्हणजे समुद्रावरच्या बंदरानेच आपलं एक आवार चारशेहून अधिक किलोमीटर आत आणून बसवायचं, अशी ही कल्पना. शेजारून मनमाड-नांदेड रेल्वेमार्ग जातो. त्यावरच्या दिनेगाव स्थानकातून रूळ आत घ्यायचे आणि कंटेनर थेट गाडीवर चढवायचे. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या लॉजिस्टिक्स कंपनीबरोबर करार झाला आणि तिथे रस्ता, रेल्वे, गोदामं अशा सगळ्या सोयी असलेला मोठा पार्क उभारायचं ठरलं.

या आवारात नेमकं काय होतं? बंदर म्हटलं की डोळ्यांपुढे जहाज आणि क्रेन येते. मात्र निर्यातदाराला बंदराचा धसका असतो तो कागदांमुळे. शिपिंग बिल भरायचं, कस्टमच्या अधिकाऱ्याने माल तपासायचा, कंटेनरला सील लागायचं, माल देशाबाहेर नेण्याची परवानगी मिळायची आणि जहाजासाठी ठरलेल्या वेळेच्या आत डबा बंदराच्या फाटकातून आत गेला पाहिजे. ती वेळ चुकली की जहाज जातं, डबा राहतो आणि रोजचं भाडं चढत जातं. ड्राय पोर्टमध्ये ही सगळी कामं घराजवळ उरकतात. सील लागलेला डबा गाडीवर चढला की न्हावा-शेव्याला त्याला फक्त उचलून जहाजावर ठेवायचं उरतं. ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. देशातला असा पहिला आतला डेपो १९८१ मध्ये बंगळूरला सुरू झाला. आपल्या शेजारी, दौलताबादजवळ माळीवाड्यालाही कंटेनर कॉर्पोरेशनचा डेपो आहे.

मराठवाड्याचं आणि समुद्राचं नातं तर फारच जुनं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या सागरप्रवासाच्या वर्णनात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठांची नावं येतात. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर, असं तो सांगतो. तेरचं कापड, पैठणचे अकीक हे सगळं गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जायचं. दुसरी वाट जुन्नरवरून नाणेघाटाने कल्याण-सोपाऱ्याकडे उतरायची. जांब समर्थ गोदावरीच्या याच पट्ट्यातलं. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या मालाला बंदर होतं. वाट लांबची होती, पण ठाऊक असलेली होती.

आधुनिक काळात मात्र या भागाची वाट बराच काळ मनमाडला अडली. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाली, पण ती मीटरगेज. मनमाडला ब्रॉडगेज लागायचं, त्यामुळे मुंबईकडे निघालेला माल तिथे हमालांच्या डोक्यावरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जायचा. वेळ जायचा, पोती फाटायची, माल घटायचा आणि त्यावर हमालीही द्यावी लागायची. रुंदीकरणासाठी मराठवाड्याने मोठी चळवळ केली. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने हा प्रश्न वर्षानुवर्षं धरून ठेवला. अखेर नव्वदच्या दशकात मोठी रेल्वे आली. या प्रदेशात उद्योग उशिरा का आले, याचं उत्तर शोधणाऱ्याने मनमाडच्या त्या फलाटाचा इतिहास आधी वाचावा.

तरीही जालन्याने व्यापार सोडला नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे लोखंडी सळईचे कारखाने उभे राहिले. जालन्याची सळई आज महाराष्ट्रभर बांधकामावर दिसते. या कारखान्यांच्या भट्ट्यांना लागतं भंगार आणि त्यातलं बरंच परदेशातून येतं. ड्राय पोर्टचं सगळं गणित इथेच दडलेलं आहे.

कंटेनरच्या धंद्यात रिकामा डबा हा सर्वांत महाग माल. घनसावंगीचा कापूस निर्यात करायचा तर रिकामा कंटेनर आधी न्हावा-शेव्याहून वर आणावा लागतो, भरावा लागतो, मग खाली न्यावा लागतो. म्हणजे एका फेरीच्या मालासाठी दोन फेऱ्यांचं भाडं. आत येणारा माल असेल तर हे दुखणं संपतं. भंगाराने भरून आलेला डबा जालन्यातच रिकामा झाला की त्याच डब्यात रुईच्या गाठी जाऊ शकतात. सगळा माल मात्र असा जाणार नाही. भंगाराच्या डब्यांना पोचे पडतात, गंज चढतो, कधी पत्र्याला भोकंही असतात. साखरेला आणि बियाण्याला स्वच्छ, कोरडा डबा लागतो. म्हणून डबे धुणं, तपासणं, दुरुस्त करणं आणि वेगळे काढून ठेवणं याची सोय त्या आवारात असलीच पाहिजे. उद्घाटनाच्या भाषणात हे विषय येत नाहीत, पण बंदर चालतं ते यांच्यावरच.

मोठ्या कारखान्याला ड्राय पोर्ट नसलं तरी चालून जातं. २०१७ पासून निर्यातदाराला स्वतःच्या आवारात इलेक्ट्रॉनिक सील लावून डबा बंद करण्याची मुभा आहे. ज्याचा माल डबाभर आहे, ज्याच्याकडे कस्टमचं काम बघणारा माणूस आहे, तो थेट न्हावा-शेव्याची वाट धरतो. अडचण आहे ती अर्धा डबा माल असलेल्याची : शेतकरी उत्पादक कंपनीची, छोट्या बियाणेवाल्याची, मोसंबीच्या बागाइतदाराची. चौघांचा माल एका डब्यात भरून देणारं कुणी जवळ असलं, तरच परदेशाचं दार त्यांच्यासाठी उघडतं.

मोसंबीचंच घ्या. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नाव सांभाळलं जातं, फळ टिकवावं लागतं ते निराळ्या उपायांनी. तोडणीनंतर वर्गवारी, धुणं, मेणाचा पातळ थर, आधी थंड करणं आणि मग गार कंटेनर. यातला एक दुवा तुटला की फळ पोचेपर्यंत मऊ पडतं. आज बहुतेक मोसंबी ट्रकमध्ये भरून उत्तरेच्या बाजारांत जाते. आंबे बहाराची तोडणी एकदम बाजारात आली की भाव कोसळतो आणि बागाइतदाराच्या हाती थांबण्याचा पर्याय नसतो. जालन्याच्या बंदरात काँक्रीटच्या आवारापेक्षाही आधी शीतगृह आणि पॅकहाउस चालू झालं असतं, तर बरं झालं असतं, असं माझं ठाम मत आहे.

दरम्यान रस्ता पुढे निघून गेला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाटाचा वळसा वाचला. साहजिकच प्रश्न पडतो : ट्रक इतका वेगाने जात असेल, तर मालगाडी कशाला? उत्तर वजनात आहे. पंचेचाळीस वाघिणींच्या एका गाडीत वीस फुटी नव्वद डबे बसतात. सळई, साखर, भंगार यांसारखा जड माल चारशे किलोमीटर रस्त्याने नेणं परवडत नाही, डिझेल आणि टोल नफा खाऊन टाकतात. मात्र रेल्वेलाही तिचा घाट आहेच. कसाऱ्याच्या थळ घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे, तिथे वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. शिवाय मनमाड ते छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात दुहेरी मार्गाचं काम चालू आहे. एकेरी मार्गावर आधी प्रवासी गाडी, मग मालगाडी. त्यामुळे डबे कधी पोचतील ते कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

आता खाली समुद्रावरही चित्र बदलतं आहे. न्हावा-शेव्याने २०२४-२५ मध्ये वीस फुटी मापाचे सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा त्याला मोठा विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं आपण आतल्या भागातल्या लोकांनीही ऐकून घेतलं पाहिजे, कारण आपल्या मालाच्या वाटेची किंमत त्यांच्या दारात मोजली जाणार आहे. समृद्धीवरच्या भरवीरपासून वाढवणकडे जाणाऱ्या सुमारे १०५ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाला राज्य सरकारने मंजुरी दिली आहे. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. हे सगळं जुळून आलं तर जालन्यातून पश्चिमेला दोन बंदरं आणि उत्तरेला मुख्य रेल्वेमार्ग अशा वाटा फुटतील.

पण भूमिपूजनाला दहा वर्षं उलटली तरी मराठवाड्यातला निर्यातदार आजही माल ट्रकमध्ये घालून न्हावा-शेव्याकडे निघतो. जमीन मिळाली, भिंत उठली, रस्ते झाले. माझ्या मते बंदर सुरू झालं असं म्हणायचं ते आठवड्यातल्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दिनेगावातून कंटेनरची गाडी सुटू लागेल तेव्हा. पहिले काही महिने ती अर्धी रिकामी धावली, तरी धावली पाहिजे. वेळापत्रकावर विश्वास बसल्याशिवाय कुणी आपला माल ट्रकवरून काढून गाडीवर चढवत नाही. तोटा सोसण्याची ही जबाबदारी बंदराची आणि रेल्वेची आहे, ती शेतकऱ्यावर ढकलता येणार नाही.

आणि जांब समर्थ, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव या पट्ट्यातल्या उत्पादक कंपन्यांना एक विनंती : बंदर पूर्ण होण्याची वाट पाहू नका. आयात-निर्यात परवाना आत्ताच काढून ठेवा, बागांची नोंदणी करा, औषध फवारणीच्या नोंदी ठेवा आणि चार गावांचा माल एकत्र आणायची सवय लावून घ्या. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे लेखी मागणी करा, की दिनेगावच्या आवारात शीतगृहासाठी आणि छोट्या मालाच्या एकत्र भरणीसाठी जागा राखून ठेवा. ही जागा आज मागितली नाही, तर उद्या ती मोठ्या गोदामांनी व्यापलेली असेल.