मालवाहू जहाजे : कालची आणि आजची

विजयदुर्ग, जयगड, मालवण अशा बंदरांत पूर्वी शिडांची गलबते लागत. मंगलोरी कौले, मीठ, तांदूळ, नारळ असा माल त्यांतून यायचा. तांडेल वारा पाहायचा, खलाशी शीड चढवायचे. आणि पावसाळा तोंडावर आला की गलबत किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायचे. जहाज म्हटले की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांपुढे असेच काहीतरी उभे राहते. पण आज समुद्रावर जे चालते, ते पाहिले तर जुना तांडेल म्हणेल, 'हे जहाज कसले, हे तर गाव!'

दोन जहाजे शेजारी उभी करून पाहू. पहिले 'कटी सार्क'. १८६९ साली स्कॉटलंडात बांधलेले हे शिडाचे जहाज चीनचा चहा लंडनला नेत असे. आज ते लंडनमध्ये ग्रिनिच येथे जपून ठेवले आहे. लांबी सुमारे ६५ मीटर. पहिल्या खेपेला त्याने सुमारे १३ लाख पौंड, म्हणजे जवळजवळ ६०० टन चहा आणला. त्या काळी ही मोठी खेप!

दुसरे 'एमएससी इरिना'. २०२३ साली पाण्यात उतरलेले हे जहाज जून २०२५ मध्ये केरळातल्या विळिंजम बंदराला लागले होते. लांबी जवळजवळ ४०० मीटर, रुंदी ६१ मीटर. म्हणजे याची रुंदीच कटी सार्कच्या लांबीच्या जवळ जाते! २० फुटी डबे धरले तर ते २४,३४६ डबे वाहते. हे डबे एकामागे एक मांडले, तर रांग होईल सुमारे १४७ किलोमीटरची. मुंबईहून निघालेली रांग पुण्याच्या वेशीपर्यंत पोचलीच म्हणा. कटी सार्कमधला सगळा माल मात्र शंभराच्या आत डब्यांत मावला असता.

गंमत अशी की वेगात फारसा फरक नाही. चांगला वारा मिळाला तर कटी सार्क ताशी १७ सागरी मैल धावे. आजची अजस्र जहाजेही साधारण त्याच वेगाने जातात. फरक एवढाच, की शिडाचे जहाज वाऱ्यावर अवलंबून. आजच्या जहाजाचा दिवस ठरलेला.

मग जहाजे एवढी मोठी का केली? याचे उत्तर आपल्या घरच्या कणगीत आहे. एका कणगीपेक्षा दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद कणगी विणा. भिंतीला कामट्या लागतील चौपट, पण धान्य मावेल आठपट. जहाजाचेही तसेच. पोलाद आणि पाण्याचा अडथळा ज्या मानाने वाढतो, त्याहून माल अधिक वाढतो. खलाशी तर वाढतच नाहीत. पंचवीस-तीस माणसांत काम भागते. म्हणून एका डब्यामागे खर्च कमी पडतो. गुरुजनहो, वर्गात खडूच्या आठ सारख्या पेट्यांची एक मोठी पेटी रचून दाखवा. मुलांना हे झटकन कळेल.

दुसरे कारण म्हणजे तो डबाच. पूर्वी गासड्या, पोती, पिंपे, लाकूड सारे सुटे भरत. १९४४ साली मुंबईच्या गोदीत स्फोट झालेले 'फोर्ट स्टिकीन' आठवा. त्यात कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोनेही होते. १२ एप्रिलला ते मुंबईला आले आणि १४ एप्रिलला आग लागली, तेव्हाही माल उतरवणे चालूच होते. त्या स्फोटांत शेकडो माणसे गेली. सुट्या मालाला असा वेळ लागे, आणि जहाज उभे राहिले की खर्चही उभा राही.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅकलीन यांनी 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ डबे चढवून पाठवले. सुटा माल भरायला टनामागे जवळजवळ ६ डॉलर पडत. डब्यांना पडले १६ सेंटांच्या आसपास. मालमोटारीवरचा डबा यारीने उचलायचा, जहाजावर ठेवायचा, झाले! आपल्याकडे याच कामासाठी १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले.

पण श्रोतेहो, हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुंबईच्या गोदीत कोकणातून, घाटावरून आलेली हजारो माणसे पाठीवर ओझी वाहून घर चालवीत होती. ओझी उतरली हे चांगलेच. पण ओझ्याबरोबर रोजगारही उतरला. गावाकडच्या कित्येक घरांना याची झळ लागली.

शिवाय एवढे जहाज लागायला पाणी खोल हवे. पूर्ण भरले की सुमारे १६ मीटर, म्हणजे पाच मजली घराइतके ते पाण्यात असते. लहान बंदराला ते येऊच शकत नाही. आणि सगळा माल एकाच टोपलीत ठेवण्याचा धोका निराळाच. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटरचे जहाज सुएझच्या कालव्यात आडवे रुतले. त्यावरचे २५ही खलाशी भारतीय होते. सहा दिवस कालवा बंद. साडेतीनशेहून अधिक जहाजे खोळंबली.

हे दूरचे वाटते का? नाशिककडच्या बागायतदाराला विचारा. त्याची द्राक्षे थंड डब्यांतून युरोपला जातात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास लांबला, भाडे चढले. आणि द्राक्ष काही वाट पाहत नाही.

तेव्हा गलबत बिचारे लहान होते. बुडाले तर एका गावाचे नुकसान होई. आज एक जहाज अडले, तर त्याची ओढ ओझरच्या मळ्यापर्यंत पोचते. समुद्र न पाहिलेल्या माणसानेही जहाजाची खबर ठेवावी, ती एवढ्यासाठीच.